लेकरू घेऊन घाट उतरताना

मे महिना उजाडला की आमच्या भवानीनगरमधून घाटाखाली जाणाऱ्या गाड्या सुरू होतात. कारखान्याचं गाळप कधीच संपलेलं असतं, धुराडं थंड असतं, शाळांना सुट्टी लागलेली असते. गाडीच्या टपावर बॅगा, मागच्या काचेला टेकवलेली फुगवायची ट्यूब आणि मधल्या सीटवर आईच्या मांडीत दीड-दोन वर्षांचं बाळ. कुठं निघालात म्हणावं, तर गणपतीपुळे, दिवेआगर, तारकर्ली, नाहीतर गोवा. कशासाठी, असं मात्र आता कुणी विचारत नाही. चाळीसएक वर्षांपूर्वी पहिला प्रश्न तोच असायचा आणि त्याचं उत्तर एखाद्या देवाचं नाव घेऊनच द्यावं लागायचं. तान्हं लेकरू घेऊन नुसतं खेळायला, नुसतं पाणी बघायला एवढ्या लांब जायचं, ही आमच्याकडे अगदी अलीकडची रीत. ती कशी आली, ते मला जवळून पाहायला मिळालं.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. सणसर-भवानीनगरच्या आसपासच्या वाड्यावस्त्या आधी पायी आणि मग लुनावर फिरले. आमचे मालक श्री छत्रपती कारखान्यात, मिल हाउसला फिटर. त्यामुळे आमच्या घरात दोन कॅलेंडरं चालायची. एक त्यांचं गळिताचं आणि दुसरं माझं लसीकरणाचं. गावाच्या सहलीचा इतिहास या दोन्हींत आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यातही दुसऱ्यात जास्त.

आधी जागा सांगते. भवानीनगर इंदापूर तालुक्यात, बारामतीच्या वेशीला लागून. सह्याद्री ढग अडवतो आणि उरलंसुरलं आमच्याकडे पाठवतो. हा मुलूख मूळचा बाजरीचा आणि दुष्काळाचा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात पोटाला काम द्यायचं म्हणून इंग्रज सरकारनं नीरा डावा कालवा खोदायला घेतला. १८८५ साली त्याला पाणी सुटलं आणि भाटघरच्या धरणानं त्याला बळ दिलं. कालव्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं आली. १९१४ साली दौंडहून बारामतीला अरुंद रुळांची गाडी आली ती गुळासाठी आणि मालासाठी, हवा खायला जाणाऱ्यांसाठी नव्हे. तिकडे कळंबला वालचंद हिराचंदांनी तीसच्या दशकात साखर कारखाना काढला आणि त्या माळाचं वालचंदनगर झालं. १९५० साली प्रवरेला सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं. त्याच वाऱ्यात पन्नासच्या दशकात आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनीही आपला कारखाना उभा केला. भवानीनगर हे गाव त्या कारखान्याभोवती वाढलेलं. म्हणजे इथलं सगळं, पीक, पैसा, लग्नसराई, अगदी भांडणंसुद्धा, पाण्याच्या पाळीवर आणि उसाच्या बिलावर चालतं. सहल त्याला अपवाद कशी असेल?

समुद्र इथून चांगला दीड-दोनशे किलोमीटर. तरी तो आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता, माणसांनी पाहिला नव्हता एवढंच. तो यायचा खडेमिठाच्या रूपानं आणि सुकट-बोंबलाच्या रूपानं. रस्ते नव्हते तेव्हा घाटांतून लमाणांचे बैल चालायचे. वर येताना मीठ आणि नारळ, खाली जाताना धान्य आणि गूळ. माझ्या आजेसासूबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नाही, पण सुकट ताजी की जुनी हे त्या वासावरून सांगायच्या.

मग माणसं जायचीच नाहीत का? जायची. पण जाण्याला कारण लागायचं, आणि लेकरू बरोबर असेल तर कारण ठरलेलं असायचं. जावळ. मूल वर्षाचं, तीन वर्षांचं झालं की कुलदैवताला न्यायचं आणि मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस उतरवायचे. कुणाचं जेजुरीला, कुणाचं शिखर शिंगणापूरला, कुणाचं तुळजापूरला. इंदापूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला नीरा आणि भीमा मिळतात तिथं नीरा नरसिंहपूर आहे, तिथंही कितीतरी घरांची जावळं निघतात. बैलगाडीला तट्ट्या बांधायचा, खाली कडबा, त्यावर गोधडी. बरोबर भाकरी, ठेचा आणि पाण्याची घागर. पाणी घरचंच, कारण परगावचं पाणी बाळाला लागेल ही धास्ती. आमच्या पिढीतली बहुतेक माणसं सांगतील, आपला आयुष्यातला पहिला लांबचा प्रवास हा आपल्याला न आठवणारा जावळाचा प्रवास होता.

या प्रवासाकडे मी नर्स म्हणून पाहते तेव्हा त्याचा अर्थ फार उघड दिसतो. केस एवढे महिने राखून ठेवायचे, म्हणजे मूल जगतंय का ते बघायचं. जगलं, तर देवाला सांगून यायचं. नवस हा करार होता. १९७१ साली देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. त्याच्या आधीच्या काळात तर विचारायला नको. आमच्या आत्याबाईंना म्हणजे सासूबाईंना सात बाळंतपणं झाली आणि चार मुलं राहिली. गेलेल्यांची नावं त्या कधी घ्यायच्या नाहीत, पण कुणी किती लेकरं विचारलं की सात सांगायच्या. अशा घरात लेकराला उगीच फिरवणं म्हणजे देणेकऱ्याच्या दारावरून मिरवत जाणं.

भीती नुसती मनातली नव्हती. गर्दी आणि पाणी एकत्र आलं की पटकी यायची. एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टर आणि कलेक्टर पंढरीच्या वारीकडे पटकीच्या डोळ्यांनीच बघायचे, आणि पुढे कितीतरी वर्षं वारकऱ्याला पटकीची लस टोचून घ्यावी लागायची. ही गोष्ट आमच्या अंगणातली. तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं आणि त्या रात्री पालखी सणसरला मुक्कामी असते. दुसऱ्या दिवशी बेलवाडीचं गोल रिंगण. त्या दिवसांत आम्ही आरोग्यवाल्या माणसांनी झोप पाहिलेली नाही. विहिरीत टीसीएल पावडर टाका, टँकरच्या पाण्यात क्लोरीन आहे का, याची ओटी टेस्ट करा, पिवळा रंग आला तरच टँकर पुढे सोडा. वारीत बापाच्या खांद्यावर बसून जाणारी लेकरं मी खूप पाहिली. आमच्या गावानं लहान मुलांचा लांबचा प्रवास असा दारात बसून पाहिला. स्वतः मात्र मूल उंबऱ्याच्या आत ठेवलं.

दारात बसून पाहिलेला दुसरा प्रवास उसाच्या कोयत्यांचा. दिवाळीच्या आगेमागे बीड, नगर, जळगाव भागांतून टोळ्या उतरतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, एक कोयता म्हणून तिची नोंद. बैलगाडीत भांडी, कोंबड्या, बाचकं आणि त्यावर लेकरू. कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि पाच-सहा महिने ती मुलं तिथं असतात. पहाटे आई फडात, बाळ बांधावर झोळीत. आमच्या भागात सगळ्यात लांबून येणारी, सगळ्यात जास्त फिरलेली लहान मुलं हीच. पण तिला कुणी सहल म्हणणार नाही. ती मुलं माझ्या रजिस्टरात अर्धवट असायची. त्रिगुणी लसीचा एक डोस गावाकडे, दुसरा आमच्याकडे, तिसऱ्याच्या आधी गाडी परतीला. हातातलं कार्ड कोपीत पावसानं भिजलेलं किंवा चुलीत गेलेलं. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

हवापालटासाठी, नुसतं बरं वाटावं म्हणून प्रवास करायचा, ही कल्पना या मुलखात आली ती साहेबाबरोबर. १८२८-२९ मध्ये गव्हर्नर माल्कमनं महाबळेश्वरला गोऱ्यांसाठी थंड हवेचं ठाणं वसवलं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी जागा दिली. साहेबाची मडम उन्हाळ्यात मुलं घेऊन डोंगरावर जायची. हौस होतीच, पण धसका मोठा होता. या हवेत आपलं मूल वाचणार नाही, असं त्यांना वाटायचं. म्हणून पाच-सात वर्षांचं झालं की मूल बोटीनं विलायतेला धाडून द्यायचे. म्हणजे साहेबाच्या सुट्टीच्या मुळाशीही बाळ दगावण्याची भीतीच होती. फरक एवढाच की तो भीतीपोटी घर सोडून जायचा आणि आम्ही भीतीपोटी घरात बसायचो.

ही भीती कमी झाली तेव्हा सहल सुरू झाली. हेच मला सांगायचं आहे. लोक म्हणतात, उसाचा पैसा आला म्हणून सहली सुरू झाल्या. पैसा तर साठ-सत्तरच्या दशकातही येत होता. त्यातून विहीर झाली, मोटार झाली, स्लॅबचं घर झालं, ट्रॅक्टर आला, मुलींची लग्नं झाली. कुणी म्हणतात, एसटी आली म्हणून. एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वाडीवाडीला पोचली. पाच वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट, पाच ते बाराला अर्धं तिकीट. आमच्याकडची कितीतरी मुलं त्यापायी सहा-सात वर्षांची होईस्तोवर चारचीच राहिली, आणि कंडक्टरही "बाळ, शाळेत कितवीला?" असं गोड विचारून त्यांना पकडायचा. सवलत होती, रस्ता होता, पैसाही होता. तरी दोन वर्षांचं लेकरू घेऊन कुणी समुद्रावर जात नव्हतं.

मग झालं काय? आधी देवी गेल्या. १४ जून १८०२ ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली यशस्वी टोचणी. तिच्यापासून पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. १९७५ च्या मे महिन्यानंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. दंडावर दोन-दोन गोल व्रण असलेली शेवटची पिढी आमची. मग १९८५ साली सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम आला. बीसीजी, त्रिगुणी, पोलिओ आणि नवव्या महिन्यात गोवर. बर्फाचे पॅक भरलेला व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावून मी वस्तीवर पोचले की बायका पोरांना घेऊन मळ्यात पळायच्या. सुई दिली की रात्री ताप येतो, पोर रडतं, सासू सुनेला बोलते. पाच-सहा वर्षांत त्याच बायका मला रस्त्यात थांबवून विचारायला लागल्या, "बाई, आमच्या पोरीचा गोवरचा राहिलाय, कधी येताय?" गोवर घरात शिरायचा तेव्हा मागे जुलाब, न्युमोनिया ठेवून जायचा. तो शिरायचा थांबला, तशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातली एक सावधगिरी हळूहळू उतरली.

दुसरी गोष्ट जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि मीठ घातलेलं पाणी पिंपांतून लोकांना पाजलं आणि तीस टक्क्यांवर गेलेलं मरणाचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आणलं. आतड्याला नुसतं मीठ नीट शोषता येत नाही, साखर बरोबर असली की ती मिठाला आणि पाण्याला आत ओढून घेते. एवढंच त्याचं गुपित. आम्हाला ते प्रशिक्षणात शिकवलं आणि आम्ही ते ओट्याओट्यावर शिकवलं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको, चव अश्रूंपेक्षा खारट नको. साखर आमच्या कारखान्याची, सभासदाला सवलतीनं मिळणारी. मीठ कोकणातून वर आलेलं. ज्या परगावच्या पाण्याला सगळे भीत होते, त्याच्यावरचा उतारा घरातल्या दोन डब्यांत होता. बाई तो करायला शिकली आणि तिचा पाय घराबाहेर पडायला मोकळा झाला.

आमच्या घरातली पहिली समुद्राची सहल ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. गाळप एप्रिलमध्ये संपलं. मालकांना ओव्हरहॉलिंग लागायच्या आधी काही दिवस रजा मिळाली. कॉलनीतल्या घरांनी मिळून प्रासंगिक करारावर एसटी ठरवली. आमचा धाकटा अडीच वर्षांचा होता. आत्याबाईंचा एकच प्रश्न होता, "पोराला कशापायी न्ह्यायचं एवढं लांब?" मालक समुद्र, वाळू, हवा असं काहीतरी बोलायला लागले. मी मधेच म्हटलं, "गणपतीला न्यायचंय, आत्या. त्याच्या गोवरात बोलले होते." बोलले होते हे खरंच होतं. ते बोलताना मी गोवरच्या तापाची औषधंही देत होते, तेवढं सांगितलं नाही. आत्याबाई लगेच उठल्या आणि त्यांनी स्वतःचं लुगडं पिशवीत घातलं. नवस म्हटल्यावर त्या मागे राहणार नव्हत्या.

त्या काळच्या बहुतेक सहली अशाच देवाच्या दारातून बाहेर पडल्या. आमच्याकडच्यांनी कोकणात आधी गाठलं ते गणपतीपुळे आणि हरिहरेश्वर. नुसता किनारा असलेली गावं आम्हाला फार उशिरा कळली. गणपतीपुळ्याला सोयीचं म्हणजे देव आणि समुद्र एकाच अंगणात आहेत. टेकडीच स्वयंभू गणपती, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला घालायची, आणि देवाचं तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. देवाला जाऊन आलो म्हणायचं आणि पाय ओले करून यायचं, दोन्ही साधायचं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर समुद्राकाठच्या खडकांवरूनच जाते. पण ती ओहोटीला करायची. भरतीच्या वेळी तिथं माणसं वाहून गेलेली आहेत.

आमची गाडी फलटण, सातारा, कराड करत पाटणवरून कोयनानगरला आली. सासरे खिडकीतून बाहेर बोट दाखवून म्हणाले, "भूकंप हितला." ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली होती, ते कुणी विसरलं नव्हतं. पुढे कुंभार्ली घाट. वळणावळणाला मुलं ओकत होती. मी सुंठ-साखर, लिंबू आणि ओल्या फडक्यांचा सगळा दवाखाना मांडून बसले होते. बरोबर घासलेटचा स्टोव्ह, पाणी उकळायला पातेलं आणि उकळलेलं पाणी भरायला दोन फिरकीचे तांबे होते. बायका हसत होत्या, पण मुक्कामात प्रत्येकीनं त्याच पातेल्यातलं पाणी नेलं. पोफळीला उतरलो तसा घाम सुरू झाला. आमच्याकडचं ऊन कोरडं, अंगाला झोंबतं आणि सावलीत गेलं की सोडतं. तिथलं ऊन सावलीतही बरोबर येतं. धाकट्याच्या मानेवर संध्याकाळपर्यंत घामोळं आलं. त्याला मी सुती झबल्याशिवाय काही घातलं नाही आणि दुपारभर बाहेर काढलं नाही.

समुद्रासमोर आमची माणसं कशी उभी राहिली, ते सांगण्यासारखं आहे. सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढं पाणी, आन्‌ एक सरी भिजत न्हाई." आयुष्यभर रात्री-अपरात्री दारं धरणारा माणूस, तो दुसरं काय म्हणणार? थोरला पुतण्या सहा-सात वर्षांचा. त्यानं आजोबांना विचारलं, "हितला पाटकरी कुठंय?" त्याच्या जगात पाणी कुणीतरी सोडल्याशिवाय येत नव्हतं. संध्याकाळी ओहोटी लागली तेव्हा तोच म्हणाला, पाळी संपली वाटतं. आत्याबाईंनी आधी समुद्राला हळदीकुंकू वाहिलं, खण-नारळानं ओटी भरली आणि मगच नातवाचे पाय लाटेत टेकवू दिले. नातवानं पाय आखडले आणि भोकाड पसरलं. पहिल्या दिवशी तो वाळूवरच बसला. दुसऱ्या दिवशी त्याला वाळू खाताना पकडलं. तिसऱ्या दिवशी पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हता. त्याला जुलाब झालेच. मी जलसंजीवनी करून वाटी-चमच्यानं पाजत बसले, आणि दीड दिवसात तो पुन्हा वाळूवर होता. आत्याबाईंनी दृष्टही काढली. श्रेय कुणाचं यावर आमचा वाद कधीच झाला नाही.

त्याच्या पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. राज्याचं पर्यटन महामंडळ १९७५ पासून होतं, त्याच्या किनाऱ्यावरच्या खोल्यांची नावं आमच्याकडे नव्वदच्या दशकात माहीत झाली. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. घरोघरी न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या आणि आमच्या माणसांना पहिल्यांदा सोलकढी हा प्रकार कळला. एसटीच्या जागी जीप आली, मग स्वतःची गाडी. तारकर्ली आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर जाताना देवाचं निमित्त लागेनासं झालं. देव गेला असं नाही, वाटेत लागला तर थांबतात. आता तर कुणी नातवंडं घेऊन अंदमानला जातात, कुणी विमानानं थायलंडला. गाळप, पाळी आणि बिल यांचं गणित मात्र तसंच आहे. बॉयलर पेटला की सहल बंद.

उलटी वाहतूकही सुरू झाली. २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन केंद्र उभं केलं आणि पुण्या-मुंबईची माणसं पोरांना गाय, गोठा आणि चूल दाखवायला आमच्याकडे यायला लागली. भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते बघायला बोटी असतात. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं, ११७ टीएमसीचं पाणी. त्याच्याखाली गावं गेली, पळसदेवचं जुनं देऊळ गेलं. पाणी आटलं की ते देऊळ वर येतं. आमच्या माहितीतल्या धरणग्रस्तांच्या नातवंडांनी पहिली बोट तिथंच पाहिली, आजोबांच्या बुडालेल्या शेतावरून. सुट्टीची जागा आणि विस्थापनाची जागा एकच असू शकते, हे इंदापूर तालुक्याला कुणी शिकवायची गरज नाही.

सूनबाई आता नातीला घेऊन जाते तेव्हा बॅग भरताना मला हाक मारते. सनस्क्रीन, टोपी, पोहायच्या बाह्या, पाणी गाळायची बाटली. ओआरएसच्या पुड्या मी टाकते. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही आणि गुडघ्याच्या वर पाण्यात मूल हातातून सोडायचं नाही, एवढं बजावते. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा साधा नाही. बाकी मी काही बोलत नाही. तिला नातीच्या जगण्याबद्दल कुणाचं काही देणं आहे असं वाटत नाही. मूल झालं, ते जगणार, मोठं होणार, हे ती धरूनच चालते. माझ्या सासूबाईंना असं धरून चालता आलं नाही. सहल ही चैन आहे असं म्हणणारी माणसं आजही भेटतात. मला ती चैन वाटत नाही. मूल जगवायची चिंता ज्या पिढीच्या मानेवरून उतरली, तिनं मोकळ्या हातांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे ही सहल. २०२० साली देशातला तो १२९ चा आकडा २८ वर आला होता, महाराष्ट्रात १६ वर. या आकड्यांच्या उतरणीवरूनच आमच्या गाड्या घाट उतरल्या.

पण १६ म्हणजे शून्य नव्हे, आणि ते सोळा सगळ्या घरांत सारखे वाटलेले नाहीत. म्हणून कोप्यांकडे परत येते. पल्स पोलिओच्या रविवारी आम्ही माळावर अंधारातच जायचो, कारण उजाडल्यावर कोपीत कुणी नसायचं. त्या मुलांच्या तोंडात दोन थेंब टाकून करंगळीला शाईची खूण करायची, फडात जाऊन राहिलेली शोधायची. २०११ च्या जानेवारीनंतर देशात पोलिओचा रुग्ण सापडला नाही, त्यात त्या अंधारातल्या फेऱ्यांचाही वाटा आहे. म्हणजे तिथं पोचता येतं. ठरवलं तर येतं. आमच्या सहलीतली साखर त्यांच्या आईबापांनी तोडलेल्या उसाची, हे गावाला माहीत आहे. तरी हंगाम संपून त्यांच्या गाड्या परतीला लागतात तेव्हा बाळाचे किती डोस झाले, हे गावातल्या कुणाला माहीत नसतं.

एखाद्या तरुणानं आमच्या भागातल्या सहलींचा इतिहास लिहायचं मनावर घेतलं, तर तो एसटीच्या आगारात जाईल, कारखान्याचे अहवाल चाळेल, जुने फोटो गोळा करेल. ते त्यानं करावंच. पण आधी उपकेंद्रातली जुनी लसीकरणाची रजिस्टरं मागून घ्यावीत. ज्या वस्तीच्या ओळी ज्या वर्षापासून भरलेल्या दिसतील, त्या वस्तीची पहिली सहल त्यानंतर सात-आठ वर्षांत निघालेली असेल, हे मी पैजेवर सांगते. आणि ज्या ओळी अजून अर्ध्याच आहेत, तिथं पत्त्याच्या रकान्यात 'कोपी, कारखाना माळ' असं लिहिलेलं सापडेल. त्यानं ती नावं उतरवून घ्यावीत आणि इतिहास लिहायच्या आधी यंदाच्या नर्सबाईकडे नेऊन द्यावीत.